डच कादंबऱ्यांचा वारसदार

१४ सप्टेंबर, रविवार. स्टुटगार्ट
फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, आणखी दोन डच कादंबऱ्या मिळाल्या. जावा बेटावर डचांचं राज्य होतं त्या काळातल्या, कातडी बांधणीच्या. अशा कादंबऱ्या जमवणारा मराठी माणूस अख्ख्या जर्मनीत दुसरा नसावा. डच वाचता येत नाही, पण संग्राहकाकडे नजर असावी लागते. भाषा काय, दिवाळीपर्यंत शिकून टाकू.

१९ सप्टेंबर
फ्लोमार्क्टमध्ये ओळख झालेले हेर ब्रांट (हेर म्हणजे इथले श्रीयुत) दसऱ्याला घरी येताहेत. वय ऐंशीच्या पुढे, मूलबाळ नाही. त्यांच्याकडे अशाच कादंबऱ्यांचा आयुष्यभराचा साठा. तो योग्य हातांत द्यायचाय म्हणतात. हात कुणाचे ते मी ओळखलं. मीनल म्हणाली, आधी एक तरी वाच. बायकोला संग्रह कळत नाही.

२७ सप्टेंबर
डच अजून सुरू नाही. ऑफिसात फार काम.
लेक स्वानंदी माझ्या संग्रहातली कादंबरी वाचत बसली होती. म्हणे शाळेत डच घेतलंय. मीनल म्हणाली, दोन वर्षं झाली. मला कुणी सांगत नाही.
लेकीला माझा डीपी दाखवला. त्याच कादंबरीतलं चित्र: व्हरांड्यात पांढऱ्या सुटातला साहेब, वेताची खुर्ची, चहा. ती जर्मनमध्ये म्हणाली, आल्झो पापा, खुर्चीतला आपण नाही. मागे छत्री धरून उभा आहे तो आपण. पुढच्या पानावर त्याला फटके मारतात.
आजकालच्या पोरांना कशाचं कौतुक नाही. डीपी बदलणार नाही.

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी
सगळ्या कादंबऱ्या पाटावर मांडल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर ओल्या कुंकवानं सरस्वती काढली. आत झेंडूचं फूल ठेवून पुस्तक घट्ट मिटलं. मीनल म्हणाली, अरे, सरस्वती पाटीवर काढतात. आता स्टुटगार्टात पाटी कुठून आणू?

रात्री
हेर ब्रांटनी एक कादंबरी उघडली. मग दुसरी. मग खालीच बसले. डोळे भरून आले. हे कुणी केलं, विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, मीच, एकूण एक. माणूस भारावला होता, नंतर माझ्याशी बोलवेना त्याला. स्वानंदीशी मात्र तासभर कादंबऱ्यांवर गप्पा. म्हाताऱ्यांना मुलांत रमायला आवडतं.
काम फत्ते.

४ ऑक्टोबर
नवीन कपाटांसाठी हॉलमधला सोफा देऊन टाकला. मीनल आता जमिनीवर बसून टीव्ही बघते.

९ ऑक्टोबर
हेर ब्रांटचा फोन. मी हॅलो म्हणताच म्हणाले, स्वानंदीला द्या. सगळा साठा तिला देताहेत. अट एकच, वडिलांनी हात लावायचा नाही. स्वानंदीनं माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाली. विचार करायला जरासुद्धा थांबली नाही. फार वाईट वाटलं.
मीनलला म्हटलं, निदान संग्रह घरातच राहिला. ती म्हणाली, तिच्या खोलीत राहील, आणि खोलीला कुलूप लागेल. तुला बसवता येईल का?
उद्या बाउमार्क्टमध्ये, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात, जाऊन कुलूप आणायचं. भारीतलं घेईन. अशा संग्रहाला साधं चालत नाही.