टोपीत न मावणारी चिठ्ठी

कॉल्डर, टेक्सस
शुक्रवार, ८ नोव्हेंबर १९९६

प्रिय डॅडी,

चिठ्ठी एवढी जाड का, म्हणून तुमच्या भुवया वर गेल्या असतील. दर शुक्रवारी दोनच ओळी असतात. 'हरवा त्यांना. घरी येताना दूध आणा.' आजचे हे कागद टोपीच्या आतल्या पट्टीत बसणार नाहीत, हे मला माहीत आहे. तरी तुम्ही ते शेवटपर्यंत वाचणार, हेही माहीत आहे. सहावीत असताना मी तुमच्या टोपीत पहिली चिठ्ठी टाकली आणि त्या दिवशी तुमची टीम जिंकली. तेव्हापासून शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय तुम्ही टोपी चढवलेली नाही. सीझनभर एकच तपकिरी पँट, तीही धुवायची नाही, म्हणून मॉम ती चिमट्यानं उचलते. तुमच्या या खुळांवर मी आयुष्यभर हसत आले आहे. आज मात्र माझा सगळा भरवसा त्यांच्यावरच आहे.

मला भीती वाटते आहे. आधी हे लिहून टाकते, कारण आपल्या घरात हा शब्द कुणी काढत नाही. काल मॉमनं मी केलेल्या मक्याच्या पावाकडे बघून विचारलं, 'साखर समजून मीठ घातलंस का गं?' खरंच घातलं होतं. टोबिनच्या डोक्याला काहीतरी झालं आहे, डॅडी, आणि आज संध्याकाळी तो फुटबॉलचं हेल्मेट घालून पुन्हा मैदानात उतरणार आहे.

गेल्या शुक्रवारचं सांगते. आम्हा चिअरलीडर मुलींची पाठ मैदानाकडे असते आणि तोंड प्रेक्षकांकडे. लोकांना वाटतं आम्ही सगळ्यात पुढे, म्हणजे आम्हाला सगळं दिसतं. आम्हाला खेळ दिसतो तो लोकांच्या चेहऱ्यांवर. ओठ हलायला लागले की आपल्या पोराच्या हातात चेंडू आहे, लोक उभे राहिले की तो सुटला आहे. त्या दिवशी हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज आधी आला, फळी मोडल्यासारखा, आणि माझ्यासमोर टोबिनची आई, मिसेस हॅस्क्यू उभ्या होत्या. कोटावर त्यांनी टोबिनच्या फोटोचा तो बशीएवढा बिल्ला लावला होता. त्यांनी तो बिल्ला तळहातानं झाकला. आपल्या पोराचे डोळे झाकावेत तसा. मग मी वळून पाहिलं. टोबिन पाठीवर पडला होता आणि त्याचा एक हात कोपरापासून वर, हवेत, ताठ उभा होता. तो हात खाली यायला फार वेळ लागला. डॉक्टर प्रेक्षकांतून उतरून येईपर्यंत तुम्ही पोचला होतात. तुम्ही म्हणालात, 'काही नाही डॉक्टर, पोटात बसलाय दणका. श्वास अडकलाय पोराचा.' डॉक्टरांनी मान हलवली आणि ते परत जाऊन बसले. पुढच्या भागात टोबिन खेळला, त्यानंच शेवटचे गुण केले, आणि आपण जिंकलो. मीही नाचले.

तुम्ही आमच्या नाचाला नेहमी 'ठुमकणं' म्हणता, म्हणून माझं काम काय असतं ते एकदा ऐका. मी मागची मुलगी. दोघीजणी मारिसोलला वर फेकतात आणि मी मागे उभी राहते. ती खाली येताना तिचं डोकं आणि मान जमिनीला लागू द्यायची नाही, एवढंच माझं काम. बाकी काहीही मोडलं तरी चालेल. आम्हाला शिकवणाऱ्या मिसेस प्रुइट पहिल्या दिवशीच मला म्हणाल्या, 'लेसी, तिच्या डोक्यावरून नजर हलली की तू या टीममध्ये नाहीस. मग तुझा बाप कोच असो नाहीतर गव्हर्नर.' सप्टेंबरात मारिसोलला सरावात साधं टेंगूळ आलं, तर त्यांनी तिला आठवडाभर बाकावर बसवलं. मारिसोल रडली, तिच्या आईनं फोन करून भांडण केलं, पण प्रुइटबाई ढिम्म. ठुमकणाऱ्या पोरींसाठी एवढं. तीन वर्षं दुसऱ्याचं डोकं सांभाळायची सवय लागली की ती मैदानाबाहेरही सुटत नाही. या आठवड्यात माझी नजर टोबिनच्या डोक्यावरून हललेली नाही.

सोमवारी त्यानं मला शेंगदाण्याच्या बिस्किटांसाठी थँक्यू म्हटलं. आम्हा प्रत्येकीकडे एकेक खेळाडू असतो आणि यंदा माझ्या वाट्याला तोच आला आहे ना, दर शुक्रवारी सकाळी त्याच्या लॉकरमध्ये खाऊची पिशवी मीच ठेवते. त्यानं ते जेवणाच्या सुट्टीत म्हटलं. मग इतिहासाच्या तासानंतर पुन्हा म्हटलं, अगदी त्याच शब्दांत, तसाच कान खाजवत. मला वाटलं थट्टा करतोय. मंगळवारी तो स्वतःच्याच लॉकरसमोर कुलपाचे आकडे फिरवत उभा होता. लागेनात. घंटा झाली तरी उभाच. शेवटी मी उघडून दिलं, तर म्हणाला, 'तुला गं कसे माहीत?' दहावीपासून माहीत आहेत, डॅडी. त्यानंच सांगितले होते.

आणि मग बुधवार. जर्सी शाळेत घालायची ती फक्त मॅचच्या दिवशी, शुक्रवारी, हे आपल्या गावात बालवाडीतल्या पोरालाही कळतं. टोबिन बुधवारी बावीस नंबरची जर्सी घालून आला. इस्त्री केलेली, केस ओले, मॅचच्या दिवशीसारखा. दारातच तो मला म्हणाला, 'आज पिशवी नाही ठेवलीस?' त्याला तो शुक्रवार वाटत होता. पण बाकीच्यांना काय वाटलं, तुम्ही पाहिलंतच. पोरं म्हणाली, बघा आपला कॅप्टन, याला दोन दिवसही धीर धरवत नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्धी टीम घरी जाऊन जर्सी घालून आली. गुरुवारी तर अख्खी टीम, बँडवाले, आमच्या मुली, स्वयंपाकघरातल्या बायकासुद्धा. बर्गरच्या दुकानानं पाटी लावली, 'बावीस नंबरसाठी रोजच शुक्रवार.' तुम्ही व्हरांड्यात त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालात, 'असा पाहिजे गडी.' टोबिन हसला. त्याला कुणीतरी एव्हाना सांगितलं असावं आज वार कुठला ते, आणि आपण मुद्दामच केलं असं दाखवायचं त्यानं ठरवलं असावं. सगळं गाव एका पोराच्या आजारपणाचे कपडे घालून हिंडत होतं आणि मला किंचाळावंसं वाटत होतं.

काल जिममध्ये सगळ्या शाळेसमोर टीमचा जयजयकार झाला, तेव्हा ढोल सुरू होताच तो राखेसारखा पांढरा पडला. मी त्याच्या मागे बाहेर गेले. बसच्या आड तो ओकत होता. तोंड पुसून म्हणाला, 'लेसी, एका अक्षरानं बोलू नकोस. लबकच्या कॉलेजचा माणूस स्कॉलरशिपसाठी उद्या मला बघायला येतोय. तू बोललीस तर जन्मात तुझं तोंड बघणार नाही.' मी म्हटलं, 'अरे, पण तुला दिसतंय तरी का नीट?' तर म्हणाला, 'दिसतंय ना. थोडं दोन-दोन दिसतंय. मी मधल्याला पकडतो.' आणि हसायला लागला. मधला कुठून आणणार होता, दोनातून?

तिथूनच मी मिसेस हॅस्क्यूंकडे गेले. त्या बाहेर पडण्याच्या घाईत होत्या, वाकून बुटाची नाडी बांधत माझं ऐकत होत्या. सगळं सांगितलं. ओकलेलंही. नाडी बांधून झाल्यावर त्यांनी माझा गाल कुरवाळला. म्हणाल्या, 'पोरी, तुझे डॅडी आहेत ना तिथे. त्या माणसानं माझ्या टोबिनला बापासारखं सांभाळलंय. काही असतं तर त्यांनी आधीच बसवला असता. त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही.' मी 'हो' म्हणाले आणि निघाले. रस्त्यात मला रडू आलं, कारण त्यांचं म्हणणं खरं आहे. तुमच्या नजरेतून मुंगी सुटत नाही.

इथवर मी सगळं असं लिहिलं, जसं काही तुम्हाला ठाऊकच नाही. रविवारी चर्चहून आल्यावर तुम्ही मॅचची टेप लावून बसला होतात. मी बर्फाचा चहा घेऊन आले आणि दारातच थबकले. तुम्ही एकच जागा मागे घेऊन घेऊन बघत होतात. टोबिन पडतो, हात वर राहतो. मागे. टोबिन पडतो, हात वर राहतो. तुमच्या तोंडावर जे होतं ते मी कधीच पाहिलेलं नव्हतं, आणि मला ते पाहायचं नव्हतं. पायाखालची फळी करकरली तसा तुम्ही टीव्ही बंद केलात आणि म्हणालात, 'काय ठमाबाई, साखर घातलीस ना?' मी म्हटलं, 'घातली.' त्या दिवसापासून आपण दोघं एकमेकांना चुकवतो आहोत. पोटात दणका बसलेल्या माणसाचा हात असा ताठ उभा राहत नाही, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं.

तुम्हाला कशाची भीती आहे ते मला कळत नाही असं समजू नका. तुम्ही वेल्सबी गावात कोच असताना सलग चार मॅच हरलो, तेव्हा सकाळी उठून बघतो तर अंगणभर 'घर विकणे आहे'च्या पाट्या. आपलं घर विकायला नव्हतंच. मॉम गाऊनवरच बाहेर गेली, एकेक पाटी उपटून गॅरेजमागे टाकू लागली, आणि शेजारचे कॉफीचा पेला हातात धरून बघत राहिले. चर्चमध्ये बाजूला बसणारी माणसं ती. तुम्ही आत न्याहारीच्या टेबलाशी पुतळ्यासारखे बसला होतात. मी तेव्हा आठ वर्षांची होते, आणि पाट्या म्हणजे गंमत समजून मीही दोन उपटल्या. पुन्हा तसं होईल याची मलाही भीती वाटते. आज हरलो तर सीझन संपला, आणि टोबिनशिवाय आपण हरणार. गावाचं मन मला ठाऊक आहे. आज जर्सी घालणारे उद्या पाट्या घेऊन येतील.

पण अजून तीन आठवड्यांनी थँक्सगिव्हिंगला रॉय काका येतील. टर्कीचा तुकडा ताटात पडला की विचारतील, 'यंदा टीम कशी आहे रे?' तुम्ही सांगाल. पाच मिनिटांनी पुन्हा विचारतील. तुम्ही पुन्हा सांगाल, तितक्याच शांतपणे, पहिल्यांदाच सांगितल्यासारखं. आम्ही पोरं टेबलाखाली एकमेकांना लाथा मारून हसतो. तुम्ही कधी हसला नाहीत. काकांच्या तरुणपणाचा हेल्मेटमधला फोटो तुमच्या कपाटात, शर्टांच्या खाली आहे, हेही मला माहीत आहे.

तर मी हे लिहिलं ते तुम्हाला काही कळवायला नाही. आज काय होणार ते सांगायला लिहिलं. ढोल सुरू झाले की नेहमीप्रमाणे आमच्या मुली तो मोठा कागद, जो फाडून टीम मैदानात धावत येते, खेळाडूंच्या बोगद्याच्या तोंडाशी ताणून धरतील. त्याच्यावर बावीसचा आकडा मीच रंगवला आहे, माझ्याहून उंच. डावं टोक दरवेळी माझ्या हातात असतं, ते आज मी मारिसोलला दिलं आहे. मी कागदाच्या आतल्या बाजूला असेन, तुमच्या बाजूला, कागदाला पाठ लावून. टोबिनच्या अंगावर जर्सी असेल तर मी हलणार नाही. तो मला ढकलणार नाही, बाकीची पोरंही कोचच्या मुलीला हात लावणार नाहीत. तेव्हा मला बाजूला करायचं तर तुम्हालाच पुढे यावं लागेल. कागदामागचं प्रेक्षकांना काही दिसत नाही, त्यामुळे तुम्ही मला ओढून बाजूला केलंत तरी गावाला कधीच कळणार नाही. लोकांना फक्त कागद फाटलेला दिसेल आणि बावीस नंबर धावत आलेला. टोबिनची भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती अशी, की तुम्ही काय कराल हे मला आज पहिल्यांदाच सांगता येत नाही. आता टोपी घाला.

तुमचीच, कागदाच्या आतल्या बाजूची,
लेसी