एक मात्रा बाहेर

१२ मार्च

ती. ताईस
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडतो, म्हणजे तुला हात लांब करायला नको. मी मजेत आहे. लाँड्रीत मला आता मोठ्या इस्त्रीवर घेतलंय. दोन गरम रुळांमध्ये ओली चादर सारायची, पलीकडून कडक होऊन आलेली ओढायची. दिवसभर वाफेत उभं राहून माझा रंग उजळलाय, असं माझं मत आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.

आता खरी बातमी. मी बँडमध्ये आहे! लाँड्रीची गाडी चालवणारा सॅक्सोफोन वाजवतो. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी उपड्या टबावर हात चालवत होतो, तर हा कपड्यांची बोचकी तिथेच टाकून ऐकत उभा. त्या रविवारी मला ओढूनच घेऊन गेला. पियानोवर एक काका आहेत, ड्रमवर आमच्याच बटणखात्यातली बाई, आणि एक लंबू, जो स्वतःहून उंच असं तारांचं वाद्य मिठी मारून वाजवतो. हे चौघं जॅझवाले. मी गेलो आणि त्यात यमन घुसला. गाडीवाल्याला मी नुसता गुणगुणून दाखवला, तर पठ्ठ्याने तो असा उचलला की आपल्या अण्णांच्या शिकवणीतली अर्धी पोरं लाजतील. इथे प्रत्येकाची पाळी येते. एकजण मोकाट सुटतो, बाकीचे त्याला सांभाळतात, मग पुढचा. कागदावर लिहिलेलं फारसं नसतं, म्हणजे माझ्यासारख्याची सोयच.

मागच्या आठवड्यात कामगारांच्या मेळाव्यात वाजवलं. लोक टाळ्या देऊन साथ करत होते. मी काय केलं, त्यांची टाळी पकडली आणि बरोबर तिच्यावर सम ठेवली. शेवटपर्यंत तसूभर हललो नाही. सगळे तोंडात बोटं घालून बघत होते. कॅसेट पाठवतोय. आधी ऐक, मग मला बोल.

आता घोडं कुठे अडलंय ते सांगतो. इथल्या वाफेने माझ्या तबल्याच्या पुडीचं कातडं सैल पडून सूर सारखा उतरायचा आणि मी हातोडीने ठोकून चढवायचो. परवा एक घाव जास्त पडला, पुडी किनारीपासून फाटली. इथे परदेशात पुडी चढवणारा सोड, तबला पाहिलेला माणूस मिळत नाही. आणि मेअखेर मोठ्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम आहे. हॉलच्या मालकीणबाई म्हणाल्यात की लोकांना आवडलं तर दर शनिवारची संध्याकाळ आमची. तबला नसेल तर पूर्वीसारखे चौघंच वाजवू, असं गाडीवाल्याने तोंडावर सांगितलंय. माणूस चांगला आहे, पण रोखठोक.

अण्णांचा मोठ्या तोंडाचा तबला कपाटावर गवसणीत बसलाय. स्वतः वाजवत नाहीत, शिष्यांना हात लावू देत नाहीत. मी निघालो तेव्हा म्हणाले होते की ज्याचं बूड एका जागी ठरत नाही त्याच्या हाती तो जायचा नाही. बरोबरच आहे. आधी शाळा सोडली, मग रियाज सोडला, मग घर. पण ताई, इथे माझं बूड ठरलंय गं. तू बोलून बघ. माझं पत्र ते उघडणार नाहीत.

लोभाची वादी ढिली पडू देऊ नकोस.

तुझा
भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

पुडी फोडलीस हे अण्णांना लगेच सांगितलं नाही. आधी कॅसेट लावली. कुणाची ते बोलले नाही, भाजी निवडत बसले. पहिल्याच ‘धा’ला अण्णांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले की या गाढवाचं मधलं बोट अजून हवेतच आहे. संपलं माझं नाटक.

मग मांडीवर मात्रा मोजत ऐकलं. सॅक्सोफोनला पहिल्यांदा पिपाणी म्हणाले. पुन्हा लावायला सांगितली तेव्हा तो पिपाणीवाला म्हणाले. तिसऱ्या वेळी ते गृहस्थ. यावरून काय ते ओळख.

आता मन घट्ट कर. तू चुकला आहेस. त्या लोकांची टाळी पहिल्या मात्रेवर पडतच नाही, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. चौघंही पहिल्या मात्रेला येऊन भेटतात, आणि तू टाळीला भुलून सगळा वेळ एक मात्रा मागे. मला आधी पटेना. तेव्हा अण्णांनी मला त्या चौघांची पहिली मात्रा धरायला लावली आणि स्वतः तुझी धरली. खरंच रे, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत राहावं तसं तुमचं चाललंय. आवाज सगळा ऐकू येतो, दार मात्र वेगळं.

मला वाटलं, आता तबल्याचं नावच काढायला नको. पण अण्णा म्हणाले, चुकला तो चुकलाच, पण चौघं दुसरीकडे ओढत असताना चुकलेल्या जागेवर डगमगला नाही. हा हट्ट आईचा, असंही वर जोडलं. बूड ठरत नाही असं कोण म्हणालं होतं, ते विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

मग पुडीचा पराक्रम सांगितला. संध्याकाळी शिकवणी आटोपून चपला घालता घालता एकच विचारलं, त्या गृहस्थांचा सूर कोणता. आणि फिरायला गेले.

तेव्हा उलट टपाली सूर कळव. या वेळी पहिल्या मात्रेवर.

माझा लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

ताई

१९ एप्रिल

ती. ताईस
सा. न. वि. वि.

सूर काळी पाच. हे आधी लिहिलं, नाहीतर गडबडीत राहून जायचं.

तुझं पत्र वाचून कान असे तापले की इस्त्रीची गरज नव्हती. दोन चादरी तिरप्या गेल्या. तसाच बटणखात्यात गेलो आणि ड्रमवालीला विचारलं. तिला वाटत होतं की ही आपल्याकडची काही खास विद्या आहे, आणि तसं तिने सगळ्या खात्याला सांगून ठेवलंय. गाडीवाला म्हणाला की त्याला लगेच कळलं होतं, पण इतक्या ऐटीत चुकणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता, म्हणून मध्ये पडला नाही.

पुढची गंमत ऐक. आता सगळ्यांना ती चूकच हवी आहे! हॉलमध्ये तेच कर म्हणतात. न ठरवता चुकण्यात मी उस्ताद, पण ठरवून बाहेर राहायला गेलो की हात आपोआप त्यांच्या पहिल्या मात्रेवर जाऊन पडतो. टबावर तासन्‌तास बसलो, जमत नाही. अण्णांना विचारशील? वाकडं बोलले तरी चालेल, बोलले म्हणजे झालं.

मोठ्यांना नमस्कार, म्हणजे त्यांनाच.

भिंगरी

८ मे

चिरंजीवास आशीर्वाद.

तबला पाठवला आहे. पुडी नवी आहे, मी स्वतः चढवली आणि काळी पाचला लावली. वाफेच्या खोलीत नेऊ नये. हातोडी सोबत आहे, ती हळू मारायची असते.

बाहेर जायचं तर आधी आत पक्कं बसावं. सुरुवातीला त्यांच्या पहिल्या मात्रेवर साधा ठेका धर, करामत काही नको. ती मात्रा पायाच्या अंगठ्यात ठेव आणि मग हात बाहेर ने. अंगठा हलता कामा नये. लोक टाळी कुठेही देतील, त्यांनी तिकीट काढलेलं असतं. बाहेर किती राहायचं ते तुझं तू ठरव. परत येताना बोल तीनदा घेऊन सर्वांबरोबर समेवर ये. वाटेत एक मात्रा कुठे गाळायची ते मी सांगणार नाही.

त्या गृहस्थांना नमस्कार कळव. त्यांचा निषाद किंचित चढा लागतो.

अण्णा

३० मे

ती. ताईस
सा. न. वि. वि.

दर शनिवार आमचा! मालकीणबाईंनी कार्यक्रम संपायच्या आधीच पडद्यामागे येऊन सांगितलं. गाडीवाल्याला निषादाचं कळवलं होतं. तो आधी फुगला, मग दोन दिवस गाडीत बसून तेवढा एकच सूर घासत होता. काल निषाद खाली आला.

अण्णांचा तबला मी पोरासारखा कपड्यांत गुंडाळून नेला. पहिली थाप दिली आणि काका पियानोवरून वळून बघायला लागले. बराच वेळ नुसता ठेका धरला. मी, आणि साधा ठेका! अण्णांना सांग, अंगठा बुटात होता, कुणाला दिसला नाही. मग निघालो बाहेर. टाळ्या सुरू होत्याच, त्या कानाआड केल्या. ड्रमवाली दात काढून हसत होती, लंबू डोळे मिटून होता, आणि मी एक मात्रा मागे, निवांत. या वेळी दोन्ही घरं मला दिसत होती गं.

मग बोल घेतला. एकदा, दोनदा, तीनदा.

कुठे येऊन पडलो ते लिहीत नाही. सोबत कॅसेट आहे, दुसरी बाजू लाव. तबला परत कधी पाठवू हे मी विचारत नाही, तूही विषय काढू नकोस. फक्त अण्णा ऐकत असताना त्यांचा हात मांडीवर कुठे पडतो ते नीट बघ. तो पडेल तिथे आम्ही पाचही जण आहोत.

लोभ काळी पाचला लावून ठेवावा.

तुझा
भिंगरी