पारास्किवाचं पातेलं

३ ऑक्टोबर
आलो एकदाचे आपल्या घरात! दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझं आणि सांदूचं पहिलंवहिलं. शेगडी आहे, टेबल आहे, सुरी, चार ताटल्या. पातेलं तेवढं नव्हतं. आणायला निघणार, तोच खालच्या सवेताकाकू दारात. हातात निळं इनॅमलचं पातेलं, त्यात वेणीसारखा गुंफलेला पाव, टॉवेल, पेटती मेणबत्ती. त्यांची आई पारास्किवा जाऊन आज नववा दिवस. घे पोरी, आईच्या नावानं, म्हणाल्या.

अशा वेळी घेणाऱ्याने 'बोग्दाप्रोस्ते', देव त्यांना क्षमा करो, असं म्हणायचं, म्हणजे दिलेलं मेलेल्या माणसाला तिकडे पोचतं. मी नुसतं 'थँक्यू काकू' म्हटलं. अनाथाश्रमात अठरा वर्षं लोकांच्या मेलेल्यांचे कोट अंगात घालून तो शब्द म्हणत वाढले. लग्नात ठरवलं होतं, आता पुन्हा नाही. काकू जरा घुटमळल्या आणि गेल्या. सांदूला सांगितलं, बाजारातून आणलं.

५ ऑक्टोबर
पहिला स्वयंपाक. मक्याच्या पिठाची मामालिगा, नुसत्या गुठळ्या. रडू आलं. तोंड धुऊन येते तर पातेल्यात पिवळीधमक, लोण्यासारखी मऊ. पळीचा दांडा डावीकडे ठेवलेला. सांदू बोटं चाटत म्हणाला, अगं, तुझ्या हाताला काय चव आहे! मी लाजून हसले. सांगणार तरी काय होते?

१२ ऑक्टोबर
रोज तेच. मी चिरते, चढवते, पाठ फिरवते. परत येते तर मीठ नेमकं, आंबटपणा बेताचा. आयत्या बिळावर नागोबा, तो मीच. लाज वाटते, पण कौतुक गोड लागतं.

१९ ऑक्टोबर
सासूबाई जेवायला आल्या. आश्रमातल्या पोरीला अंडं तरी उकडता येतं का, असं त्या लग्नात सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. आज कोबीच्या पानांत खिमा-तांदूळ भरून सार्माले केले. पहिलं पान फाटलं. मग हात आपोआप चालायला लागले, तेही डावा पुढे. मी उजवी आहे.

सासूबाईंनी सहा खाल्ले. माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, चुकलंच गं माझं, मनात ठेवू नकोस. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. हात गार पडले होते. ते माझे वाटतच नव्हते.

२६ ऑक्टोबर
जिन्यात सवेताकाकू भेटल्या, डोळे सुजलेले. आई रोज स्वप्नात येते म्हणाल्या. म्हणते, इकडे भांडं पोचलं नाही, म्हणून वरच्या पोरीकडे जाऊन रांधते. तुमच्या आई डावखुऱ्या होत्या का, मी सहज विचारल्यासारखं विचारलं. हो, पण तुला गं कोणी सांगितलं, काकू म्हणाल्या.

तेव्हाच तो शब्द म्हणायला हवा होता. पण सांदूला कळलं तर —

३१ ऑक्टोबर
पातेलं माळ्यावर टाकलं. वळले तर शेगडीवर. वाफ येत होती —

डाव्या हाताची नखं पिवळी, जाड. सुरकुत्या मनगटापर्यंत. हातमोजे घालते. सांदूला सांगितलं, साबणाने फोड आलेत.

३ नोव्हेंबर, दुपार
पारास्किवा जाऊन आज चाळिसावा दिवस. सूर्य मावळला की जीव पलीकडे जातो, मग दिलेलं पोचत नाही. काकू आल्या. सांदू आणि सासूबाई टेबलाशी होते. काकू हात जोडून म्हणाल्या, पोरी, आईचं पातेलं घेताना बोग्दाप्रोस्ते म्हणाली नसशील तर आत्ता म्हण गं, पाया पडते तुझ्या. सांदू म्हणाला, काकू, ते तर डोम्निकाने विकत आणलंय.

तिघंही माझ्याकडे बघत होते. एकच शब्द होता. मी म्हटलं, तुमची चूक होतेय काकू. हे पातेलं माझं आहे.

सूर्य मावळताना
स्वयंपाकघरात कडी लावून बसलेय. लाज वाटते. इतकी की —

पेन डाव्या हातात आहे. हे अक्षर माझं नाही —

काकू अजून बाहेर बसून आहेत. सासूबाई बाहेरून म्हणतायत, डोम्निका, काय गं घमघमाट सुटलाय! मी काहीच चढवलेलं नाही —

खिडकीत बोटभर ऊन आहे अजून. दार उघडून सगळ्यांसमोर म्हणते. पेन उजव्यात घेतलंय, डावा हात कडी सोडत नाही — इथूनच ओरडते, ऐकू दे सगळ्यांना — काकूऽ, बोग्दा