निळ्या मण्याची पिन

अल्माटी, ९ मार्च

कुल्याश विहीणबाईंना झाउरेचा सलाम.

माणसं, गुरंढोरं सगळी खुशाल ना? इकडे माझा दौरेन वेळेवर कामावर जातो, वेळेवर परततो. तोर्गिन जेवते. तुम्ही पाठवलेले कुर्त, ते वाळवलेल्या दह्याचे गोळे, संपत आले. इतकं खारट खाऊ नको म्हटलं, तर सूनबाई म्हणतात, "आई, तुमच्या हातचं अळणी खाऊन जीभ विसरले होते मी." घ्या, लेक तुमचीच.

पत्र तुमच्या थोरल्या दिरांच्या हाती देते आहे. सेयितकाझी समोर बसलेले पाहून तुम्ही ओळखलंच असेल. वडीलधारा माणूस उगाच घाट ओलांडून येत नाही, आणि आल्या आल्या हवापाण्याविषयी तर मुळीच बोलत नाही. बातमी आडवळणानं फोडायची आपली रीत मला जमत नाही. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. म्हणून त्यांना नुसतं जवळ बसायला सांगितलं आहे.

तोर्गिन सुखरूप आहे. हे आधी.

तिच्या पोटात मुलगा आहे असं कळलं तेव्हा आनंदवार्तेचं बक्षीस मी हक्कानं मागितलं होतं, आणि तुम्ही रंगीत तुकड्यांची गोधडी पाठवलीत. या बातमीला बक्षीस नसतं.

सोनोग्राफीत डॉक्टरांना शंका आली. बाळाच्या मेंदूची वाढ नीट पाहायला एमआरआय करायचं ठरलं. त्या खोलीत मोठं चुंबक असतं, अंगावर लोखंड चालत नाही. परिचारिकेनं तोर्गिनच्या झग्याचा काठ चाचपला, तर दुमडीत, नजर लागू नये म्हणून तुम्ही शिवलेली निळ्या मण्याची पिन. तोर्गिन ती काढू देईना. बाळ होईपर्यंत काढायची नाही, असं तुम्ही बजावलं होतं म्हणे. मी म्हटलं, "तुझ्या आईनं हे यंत्र पाहिलेलं नाही." टाके मीच उसवले. ती कुशीवर निजून आत होती, यंत्र हातोडे मारल्यासारखं बडवत होतं, आणि मी बाहेर पिन मुठीत धरून बसले होते.

सातव्या महिन्यात मेंदूवर घड्या पडलेल्या दिसतात, अक्रोडाच्या गरासारख्या. आपल्या नातवाचा मेंदू गुळगुळीत आहे, विहीणबाई. नदीतल्या गोट्यासारखा. डॉक्टरीण तरुण होती, पण शब्द चघळले नाहीत तिनं. मान धरणार नाही. आकड्या येतील. गिळणंही कठीण जाईल. काही महिने जगेल, फार तर काही वर्षं.

गाडीत तोर्गिन म्हणाली, "पिन काढली म्हणून."

मी समजावलं, जसं वर्गात समजावत असे. चित्र फक्त दाखवतं, घडवत नाही. हे दोष महिन्यांपूर्वीच झालेले असतात. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"कळतं मला, आई. तरी तुम्ही काढलीत."

दोन दिवस पत्र लिहायला घेत होते, ते या वाक्यापाशी अडत होतं. तुम्हीही हेच म्हणाल, म्हणून.

डॉक्टरांच्या मंडळानं गर्भपाताची मुभा दिली. दौरेनला तेच बरं वाटलं, मलाही. तोर्गिन ऐकेना. ती म्हणाली, "माझ्या आईनं पाळणा सांगून ठेवलाय. जितके दिवस निजेल तितके दिवस त्यातच निजेल." जन्माआधी पाळणा करू नये, तरी तुम्ही गुपचूप सुतार गाठलात, हे आम्हाला ठाऊक आहे. रागावण्याचा माझा विचार होता. आता नाही. ही बातमी ऐकून तुम्ही तो पाळणा कुणाला देऊन टाकाल, एवढीच काळजी तिला पडली आहे. देऊ नका.

काल पिन मी परत शिवली, दुहेरी दोऱ्यानं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. टाके मात्र घट्ट घातलेत.

नौरूझचा सण झाला की या. पाळणा आणायचा मान आजोळचा, तो तुमचाच. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, आणि घाटात तर गाडी सारखी हादरते. म्हणून तुमची गोधडी सेयितकाझींबरोबर परत पाठवते आहे. रुसू नका. ती पाळण्यात घाला, म्हणजे वाटभर तो रिकामा हलणार नाही.

तुमच्या नातवाची दुसरी आजी,
झाउरे