फुटक्या कुंडीतली गुलाबी

प्रिय छकुले,

पन्नाशी उलटलेल्या बाईला छकुली म्हटलेलं तुला आवडणार नाही, ठाऊक आहे. पण दुसऱ्या कुठल्या नावाने तुला हाक मारायची सवय लागायला तू इथे होतीस कुठे? गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस.

रोपवाटिकेचं बरं चाललंय. मोठ्या झाडांखाली सावलीत आपली घंटाफुलं यंदा मनापासून फुललीत. बाबांचा हट्ट आठवतो? फूल पांढरंशुभ्रच हवं, पाकळीवर जरा रंगाची झाक दिसली की रोप उपटून खताच्या खड्ड्यात. बियांतून एखादं असं निघायचंच, आणि उपटायचं काम आपल्या दोघींचं. तू मात्र एक गुलाबी रोप अवजारांच्या खोलीमागे फुटक्या कुंडीत लपवलंस आणि दोन वर्षं गुपचूप पाणी घातलंस. मला पत्ता नाही असं तुला वाटायचं.

मग एक गिऱ्हाईक नेमकी गुलाबी घंटाफुलं मागत आलं आणि बाबांचा हट्ट एका दुपारीत विरघळला. धावत जाऊन ती कुंडी मीच आणली. रोप कुणी वाढवलं हे त्यांनी विचारलं नाही. माझी पाठ थोपटली आणि त्या जातीला माझं नाव देऊन टाकलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. जेवताना तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस, मी ताटात पाहत राहिले. त्यानंतर तू मातीला हात लावला नाहीस, आणि शिकायला म्हणून गेलीस ती गेलीसच. मला त्याची लाज वाटते. तेव्हाही वाटत होती.

गेल्या आठवड्यात एक वनस्पतिशास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. गुलाबी घंटाफुलं कुठे आणि कशी निपजली, याची त्या नोंद करताहेत. एक जात जंगलात आपसूक उगवलेली, एक कुठल्याशा जुन्या दवाखान्याच्या बागेतली, तिसरी आपली. मुळं फोडून फोडून गावोगाव गेलेली आपली सगळी रोपं एकाच कुंडीतली, याचं त्यांना भारी कौतुक. मग त्यांनी विचारलं, पहिल्यांदा कुणाला आढळली? चहाचं निमित्त करून मी आत पळाले. बासष्टाव्या वर्षी.

त्यांचा फॉर्म सोबत पाठवतेय. त्या प्रश्नापुढे मी तुझं नाव लिहिलंय आणि साक्षीदार म्हणून माझं. जातीचं नावही बदलायला सांगितलंय, ते तू ठरव. तुझ्या सहीची जागा रिकामी आहे. टपालाने पाठवलीस तरी चालेल. पण फुलं अजून दहा-बारा दिवस टिकतील, आणि ती कुंडी मी अजून टाकलेली नाही.

तुझीच,
ताई