पाण्याला बोलावणं

सोमवार, ६

आलो एकदाचे! सामान उतरलं, बाबा उतरले, आणि बाबांच्या औषधांचा डबा एकही बाटली न फुटता उतरला, म्हणजे दिवस चांगलाच म्हणायचा. घर बंदराच्या कचेरीला अगदी लागून आहे. खाली घरमालकीणबाई, वर आम्ही. दोन खोल्या, लांबट स्वैपाकघर आणि त्याला समुद्राकडे उघडणारी ऐसपैस खिडकी. आत्ता ओहोटी आहे, त्यामुळे समुद्र कसला, मैलभर चिखलच दिसतो. पण बाबांना तोही आवडला. खुर्ची ओढून जे बसले ते चहा होईपर्यंत हलले नाहीत. एवढा जिना चढून आले, पण फक्त एकदाच खोकले. डॉक्टर म्हणाले होते, समुद्राची हवा मानवेल. मानवायलाच हवी. त्यांच्या छातीतल्या त्या घरघरीपायी तर मी ही बदली मागून घेतली. एरवी असल्या गावात मी पाऊल तरी टाकलं असतं का!

घरमालकीणबाईंनी किल्ली हातात देताना विचारलं, नवे भरती-ओहोटीवाले साहेब कधी यायचेत. म्हटलं, मीच. तर बाई माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागल्या, खरे साहेब जिन्यात अडकलेत की काय म्हणून. कपाळाला हात लावला.

बुधवार, ८

कचेरी बघितली. कचेरी म्हणायचं म्हणून म्हणायचं. पाण्याची पातळी मोजायचं यंत्र आहे, पण कित्येक वर्षं बंद. त्याच्यावर पंचा वाळत घातलेला होता. पंचा भोंगेवाल्याचा. हे महाशय जिन्याखालच्या खोलीत राहतात. खोलीला खिडकी नाही, पण घोरायला खिडकी लागत नाही. काम एकच: दिवसातून दोनदा, भरतीच्या आधी, गच्चीवर जाऊन दांडा फिरवायचा आणि भोंगा वाजवायचा. चिखलात शिंपल्या वेचणारे परत येतात, होड्यावाले दोर सोडतात. एवढ्याशा कामाचा रुबाब केवढा! जणू चंद्र यांच्याच खिशात आहे.

दुपारी कचेरीतल्या सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. म्हटलं, जगात एक आखात असं आहे की तिथे पाणी पाच मजल्यांएवढं चढतं आणि तेवढंच उतरतं. काही किनाऱ्यांवर दिवसात एकदाच भरती येते. काही नद्यांत भरतीची भिंत उभी राहते आणि नदी उलटी वाहते. आणि भर महासागरात अशाही जागा आहेत की जिथे पाणी वर-खाली होतच नाही, बाकीची सगळी भरती त्यांच्याभोवती फिरते. इतकंच काय, आपल्या पायाखालची जमीनसुद्धा चंद्रामुळे रोज वीतभर उचलली जाते, आपल्याला कळतही नाही. मला हे सांगताना अजूनही अंगावर काटा येतो. समोर दोघं जांभया देत होते. भोंगेवाल्याने मात्र हात वर केला. त्याला जाणून घ्यायचं होतं, की तिकडच्या त्या समुद्रांना बोलवायला कोण असतं.

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन बाबांना सांगितलं. तेही हसले, आणि त्यांना उबळ आली नाही.

शनिवार, ११

भोंगेवाल्याला कचेरीतलं जुनं वेळापत्रक दिलंय, भिंतीवर चिकटवून, मोठ्या अक्षरांत. आज भरती सकाळी होती. साहेबांनी आधी आंघोळ केली, मग जेवले, मग पान लावलं, आणि मग गच्चीवर गेले. मी बंदराच्या कठड्यावर खुणा केलेली काठी रोवून सकाळपासून उभी. वेळ कधीच टळून गेली होती; भोंगा वाजला आणि त्याच्या पाठोपाठ पाणी आलं.

अर्थात यात गूढबिढ काही नाही. आधीच्या अधिकाऱ्याचं वेळापत्रक चुकलेलं असणार. तो माणूस इथे वीस वर्षं होता, म्हणजे या गावाच्या हवेने त्याचाही मेंदू गंजला असणार. उद्या मी स्वतः सगळं गणित नव्याने मांडते.

बाबा आज चिखलात फिरून आले. दम्याचा फवारा घरीच विसरून गेले होते. मी रागावले, पण आतून बरं वाटलं.

सोमवार, १३

गणित दोनदा तपासलं. बिनचूक आहे. तरी आज पाणी आलं ते भोंगेवाला न्हाव्याकडून परत आल्यावर.

आणि मी बघितलंय ते लिहून ठेवते. तो येईपर्यंत पाणी थांबलं होतं. चिखलाच्या पार टोकाला, एका रेषेत, आत नाही की बाहेर नाही. लाटही फुटत नव्हती. दाढी करून, पावडर लावून हा माणूस वर गेला, दांडा फिरवला, आणि ती रेषा हलली.

वारा असेल. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध तयार झाला असेल. शंभर कारणं असतात. पण गावाला ही शंभर कारणं नकोत, त्यांना भोंगा हवा. सगळे म्हणतात पाण्याला बोलवावं लागतं. शिकलेसवरलेले होड्यावालेसुद्धा! मला इतका संताप आला की गच्चीवर गेले, भोंग्याचा लोखंडी दांडा काढला आणि पर्समध्ये टाकला. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. भोंगेवाल्याला सांगितलं, उद्या समुद्र आपल्या पायाने येईल, तुम्ही खुशाल झोपा. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मंगळवार, १४

पाणी आलं नाही.

गणिताप्रमाणे दुपारी यायला हवं होतं. पुढे दोन बंदरं आहेत, तिथे फोन केला. तिथे भरती वेळेवर, व्यवस्थित. इथे ती कालची रेषा आणखी मागे गेलीय. मला वाटतं तळ कुठेतरी खचला असावा. सविस्तर अहवाल पाठवणार आहे. अशी संधी माझ्या खात्यात कुणाला मिळाली नसेल.

खालच्या बाई जिन्यात गाठून म्हणाल्या की न बोलावलेलं पाणी थांबून राहत नाही, ते आपलं आपण आत यायची वाट शोधतं. मी म्हटलं, बाई, ते मोरीचं पाणी. त्यांना राग आला. येऊ दे.

बाबा खूप लांब जाऊन आले. म्हणाले, तिकडे हवा इतकी छान आहे की छाती भरून घ्यावीशी वाटते. कित्येक वर्षांत त्यांना पोटभर श्वास मिळालेला नव्हता. मला भरून आलं.

बुधवार, १५

नाही आलं.

समुद्र खिडकीतून दिसतच नाही आता. चिखल, चिखल, आणि आभाळ. होड्या कलंडून पडल्यात. कचेरीत होड्यावाले जमले होते, दांडा द्या म्हणून. आधी विनवण्या, मग आवाज चढले. मी ठाम नाही म्हटलं. दांडा देणं म्हणजे मी शिकले ते सगळं चुलीत घालणं. उद्या-परवा पाणी येईलच आणि मग यांची तोंडं बघायचीत मला.

बाबा नाश्ता करून गेले ते दिवेलागणीला परतले. गुडघ्यापर्यंत चिखल. जेवले नाहीत, पाणी नको म्हणाले. औषधाला हात लावला नाही. पण घरघर अजिबात नाही! मी दाराशी उभी राहून नुसती ऐकत होते. शांत.

गुरुवार, १६

बाबा आज बाहेर गेले नाहीत. खिडकीशीच बसलेत. खुर्चीखाली पाणी साचलं होतं. मला वाटलं पेला कलंडला. पुसलं. पुन्हा साचलं. बोट लावून चाखलं तर खारट.

लहान मुलाला ओरडावं तशी ओरडले, ओले कपडे बदला म्हणून. कपडे कोरडे होते.

हात हातात घेतला. गार. इतका वेळ धरून बसले तरी ऊब येईना. काय होतंय विचारलं, तर उत्तर देईनात. संध्याकाळी आपण होऊन बोलले. म्हणाले, मघाशी श्वास आत येत होता, आत येताना बोलायचं कसं?

शुक्रवार, १७

बसून बघितलं. लिहिते, म्हणजे मला वेड लागलं असलं तर कळेल.

सकाळी चहाच्या वेळेला छाती वर यायला लागली. थांबली नाही. मी भांडी घासली, केर काढला, परत आले. छाती वरच येतेय. श्वास आतच. जेवणाची वेळ टळून गेली तरी आतच. सदऱ्याचं एक बटण तुटून उडालं, मग दुसरं. चेहऱ्यावर त्रास नाही. उलट समाधान. दुपार कलल्यावर थांबले. मग हळूहळू, अगदी हळूहळू, सोडायला लागले. दिवे लागले तरी सोडताहेत.

वेळापत्रक काढून बघितलं. माझं. मी स्वतः मांडलेलं.

तंतोतंत.

माझं गणित बरोबर होतं. पाणी वेळेवर आलंय. रोज येतंय. मी गावकऱ्यांना अडाणी म्हणाले, गंजलेले म्हणाले— आणि इकडे माझ्याच बाबांच्या—

गावच्या डॉक्टरांना बोलावलं. छातीला नळी लावली. कानातून काढली, गुंडाळली आणि जिना उतरून गेले. मी मागे धावले, काय ऐकलंत, काय ऐकलंत. वळूनही बघितलं नाही.

शनिवार, १८, सकाळ

बाबांना इथून नेणार होते. गाडी बोलावली. उठेनात. मी आणि गाडीवाला, दोघांनी मिळून ओढलं. खुर्ची जागची हलली नाही. एवढासा माणूस! गाडीवाला पळाला.

थोडं बोलले, श्वास बाहेर जात होता तेव्हा. मी विचारलं, बाबा, हे बाहेर कसं काढायचं? म्हणाले, बोलावतील तेव्हा.

मला सगळं कळलं. मूर्ख. मी, मी मूर्ख.

शनिवार, दुपार

दांडा पर्समधून काढला, खालच्या विहिरीत टाकला. आता कुणी वाजवू शकणार नाही.

मग ऐकलं— होड्यावाल्यांनी लोहाराकडून नवा करून घेतलाय. कचेरीच्या गच्चीवर चाललेत सगळे. भोंगेवाला पुढे.

मी गेले. पायऱ्यांवर आडवी झाले. हात जोडले. म्हटलं, वाजवू नका, पाणी माझ्या घरात आहे, माझ्या बाबांच्या छातीत आहे. हसले. अगदी मी हसायचे तस्से. भोंगेवाल्याने मला दंडाला धरून बाजूला केलं. म्हणाला, मॅडम, समुद्र आपल्या पायाने यायचा होता ना.

परत आले. दाराला कडी घातली. बाबांच्या कानात कापूस कोंबला. बोळे भिजून बाहेर आले. पुन्हा कोंबले. उशी धरली कानांवर.

भरती पूर्ण आहे. छाती हनुवटीला टेकलीय. सदरा फाटला. खिडकीची काच घामेजलीय. एका हाताने लिहितेय—

वर गच्चीचं कुलूप फोडतात. एक घाव. दुसरा—

बाबा उठले. तीन दिवसांत पहिल्यांदा. खिडकीकडे तोंड. नाही— माझ्याकडे. माझ्याकडे बघून हसतायत. बाबा, मी आहे, मी इथेच, नका सोडू, माझ्यासाठी धरून ठेवा, थोडंसं—

दांडा बसवला. कुरकुर ऐकू येते.

बाबांनी तोंड उघड—