शेरा: दार बंद

३ डिसेंबर
आजपासून रोजनिशी. जनगणनेचं काम मिळालं. शाळेच्या ऑफिसातून दोघांनाच निवडलं, त्यातला एक मी. (दुसऱ्या क्लार्कचं म्हणणं, त्या दिवशी जे दोघे गैरहजर होते त्यांची नावं गेली. जळतो तो.) बॅग, ओळखपत्र, ११२ घरांचा ब्लॉक, मुदत २३ तारीख. निश्चय: साडेपाचला उठणे. रोज आठ घरं. एकही जीव नोंदीतून सुटता कामा नये.
शिवाय पाळकसाहेबांनी चोवीस तारखेला चर्चमध्ये पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. विषय: नाताळचा माझ्यासाठी अर्थ काय. अगदी मनातलं बोला म्हणाले. सोडा माझ्यावर, म्हणालो.

४ डिसेंबर, सकाळी पावणेआठ
अलार्म वाजला नाही. वाजला होता असं ही म्हणते.
दात घासताना भाषण सुचलं. ख्रिस्तजन्माची अख्खी गोष्ट सुरू होते जनगणनेपासून! योसेफ आणि मरीया एवढ्या लांब कशाला निघाले? नावं नोंदवायला. म्हणजे नोंदवणारा कुणीतरी असणारच. मेंढपाळांवर भाषणं झाली, ताऱ्यामागून आलेल्या मागी लोकांवर झाली, उंटांवरसुद्धा झाली. त्या बिचाऱ्या क्लार्कबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही. मी काढणार.
नकाशा पाहिला. ब्लॉक बेकरीपासून सुरू, गॅरेजपाशी शेवट. घर क्रमांक ११२ म्हणजे गॅरेजमागची खोली. तिथे कोण राहतं ते ठाऊक आहे ना, असं हिने विचारलं. मी म्हणालो, प्रगणकाने आधीपासून काही ठाऊक ठेवायचं नसतं, तसा नियम आहे. असेलच.

५ डिसेंबर
ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी मुलीला घराबाहेर काढलेलं नाही. एप्रिलमध्ये तिने सांगितलं की दिवस गेलेत, लग्न होणार नाही, तो माणूस निघून गेला. मी एवढंच म्हणालो की आपलं घर लहान आहे. आवाजही चढवला नाही. दोन दिवसांनी तिने स्वतःच बॅग भरली. याला बाहेर काढणं म्हणत नाहीत.
सप्टेंबरात बाळ झालं असं कानावर आलं. जास्त चौकशा करण्याचा माझा स्वभाव नाही.

८ डिसेंबर
टार्गेट चाळीस घरं. झाली अकरा. कारणं: लोक चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. बूट चावतात. शिवाय जाईन तिथे आतल्या खोलीत लहान मूल रडत असतं, लक्ष लागत नाही. आज एका घरी बाळाचं वय विचारलं. म्हातारा-म्हातारी दोघंच राहतात. एकमेकांकडे बघायला लागले. मांजर असेल, म्हणालो. त्यांच्याकडे मांजर नव्हतं.

११ डिसेंबर
कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. बराच मळ निघाला. आता रडणं जास्त स्पष्ट ऐकू येतं.
संध्याकाळी घर ११२, पहिली भेट. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापासून दार दिसतं. बंद होतं. फॉर्मवर शेरा मारला: 'दार बंद, पुन्हा भेट.' अशा घराला नियमाने तीन भेटी द्याव्या लागतात. मी नियम पाळणारा माणूस आहे.

१५ डिसेंबर
बेरीज जुळेना. सत्तावन्न घरं. फॉर्मवर माणसं दोनशे अकरा. डोळे मिटून एकेक घर आठवत मोजली की दोनशे बारा. चार वेळा मोजली. कुठल्या घरात एक जास्तीचं माणूस बसलंय कळत नाही, आणि ते मलाच का दिसतं तेही कळत नाही. भीती वाटली, खोटं कशाला लिहू.
ही दुपारभर घरात नसते. विणकाम शिकायला जाते म्हणे. मोजे विणतेय. माझ्या अंगठ्याला बसतील एवढेच.

१७ डिसेंबर
घर ११२, दुसरी भेट. आज खांब ओलांडून थेट गॅरेजपर्यंत गेलो. प्रगती आहे. गॅरेजवाल्याने मान हलवून ओळख दिली. खोलीत दिवा होता. दोरीवर सहा दुपटी वाळत होती, एक झबलं. आत कुणीतरी गुणगुणत होतं. हिचीच चाल, मुलगी लहान असताना ही गुणगुणायची ती. तरीही दार बंद होतं. वाजवलं असतं तर उघडलं असतं, तो मुद्दा वेगळा. शेरा: 'दार बंद, पुन्हा भेट.'
घरी येईपर्यंत पाठीमागून कुणीतरी येतंय असं वाटत होतं. तीनदा वळून पाहिलं. रस्त्यात कुणी नव्हतं.

१९ डिसेंबर
आज स्वतःच्या घराचा फॉर्म. पाच मिनिटांचं काम, दीड तास लागला. खोल्या किती? 'दोन' लिहिलं. ही समोर बसली होती. तिसरी कुठे गेली म्हणाली. मी म्हणालो, ती सामानाची. सामान काय आहे त्यात, तिने विचारलं. मुलीचा पलंग आहे. आणि माझी मोडकी सायकल. खोडून 'तीन' केलं. घर लहान आहे हे मी कशाच्या आधारावर म्हणालो होतो ते आता आठवत नाही.
ही उठताना म्हणाली, "सरकारने बॅग दिलीय, बिल्ला दिलाय, दार वाजवायचा हुकूमही दिलाय. आणखी काय हवंय तुम्हाला?"
उत्तर सुचलं होतं. ती स्वयंपाकघरात गेल्यावर.

२३ डिसेंबर
सुपरवायझर बाईंचे सकाळपासून चार फोन. सगळे फॉर्म आज पाचपर्यंत हवेत. एकशे अकरा घरं पूर्ण. घर ११२ची तिसरी भेट मी ऑफिसातल्या टेबलावरूनच दिली. दार बंदच असणार, दोनदा होतं. बाईंनी शाबासकी दिली. एकही घर रिकामं सोडलं नाहीत म्हणाल्या.
उद्या मात्र भाषण झाल्यावर थेट तिथे जायचं. सरकारी नव्हे, खासगी भेट. केक घेऊन. पक्कं.

२४ डिसेंबर
भाषण गाजलं. मी सांगितलं: गाव माणसांनी भरलेलं. दिवसभर नावं लिहून क्लार्कची बोटं आखडलेली. इतक्यात कुणीतरी म्हणतं, गोठ्यात एक जोडपं उतरलंय, बाळ झालंय. त्याला म्हणता आलं असतं, राहू दे. पण तो दौत-लेखणी घेऊन शेणातून वाट काढत गेला, वाकून बाळाकडे पाहिलं आणि नाव विचारलं. जगाने त्या बाळाला जागा दिली नाही, या माणसाने आपल्या यादीत एक ओळ दिली. मंडळींमध्ये दोघी-तिघींनी डोळे पुसले. मीही रुमाल काढला. मी चांगला बोलतो.
ही उशिरा आली, मागे बसली. डोळे लाल. पडसं असेल.
बाहेर पडताना चर्चची घंटा वाजवणाऱ्या मावशींनी गाठलं. म्हणाल्या, "छान बोललास. पण तो गोठ्यात गेला होता हे तुला कुणी सांगितलं? थंडीचं कोण जातं, बाबा? कोपऱ्यावरूनच काहीतरी लिहून टाकलं असेल त्याने."
केक घेतला होता. पण उशीर झाला होता, आणि अंगात कसकस होती.

२५ डिसेंबर, सकाळी दहा
गेलो. खांब ओलांडला. गॅरेज ओलांडलं. दार वाजवलं. पहिल्यांदाच.
कुलूप होतं.
गॅरेजवाला हात पुसत आला. म्हणाला, ताई काल पाचच्या गाडीने गेल्या, दुसऱ्या गावी नोकरी लागलीय. नोकरी एक तारखेलाच लागली होती. तेवीसपर्यंत मुद्दाम थांबल्या. बाळाच्या जन्माचा दाखला रोज टेबलावर काढून ठेवायच्या, फॉर्मला लागेल म्हणून. मी विचारलं, फॉर्मसाठी कशाला थांबायचं? तर म्हणाला, "त्या म्हणायच्या, बाबांना एरवी यायला जमणार नाही. पण आता ड्युटीच आहे, यावंच लागेल."
मी केकचा डबा या हातातून त्या हातात घेतला. मग विचारलं, मुलगा की मुलगी?
त्याने हात पुसायचं थांबवलं. "मुलगी," म्हणाला. "मोजायला तुम्हीच होतात ना?"
नाव विचारायचं राहिलं.

२६ डिसेंबर
हिला नाव विचारलं. जाऊन तिलाच विचारा, म्हणाली. गाडीला साडेचार तास लागतात. सोमवारी जावं म्हणतो. सोमवारी शाळेत तपासणी आहे. पुढची गणना दहा वर्षांनी, तेव्हा सुरुवात तिच्याच घरापासून... हे खोडायला हवं.

२७ डिसेंबर, सकाळी पावणेआठ
बेरीज पुन्हा केली. जुळली. कानातलं रडणंही थांबलंय, अगदी कालपासून. डॉक्टरांचा गुण म्हणायचा.
सायकल बाहेर काढली. तिसऱ्या खोलीत पलंगावर जाऊन बसलो, कान लावून. बराच वेळ बसलो. काहीच ऐकू आलं नाही.
खोली चांगली मोठी आहे.